डॉक्टर घडवताना गावाचाही हात लागू द्या



या पानावर एरवी आपण कापसावरची बोंडअळी, मिरचीवरचा चुरडा-मुरडा नाहीतर बीजप्रक्रियेविषयी बोलतो. आज विषय वेगळा आहे, पण तो तुमच्या दारापर्यंत आलेला आहे. आपल्या जिल्ह्यात डॉक्टर तयार होऊ लागले आहेत. ते कसे तयार व्हावेत, यात तुमच्या गावाला काही सांगायचं आहे की नाही, हा आजचा प्रश्न.

कृषी खात्यातल्या माणसानं डॉक्टरांच्या शिक्षणात नाक कशाला खुपसायचं, असं कुणी म्हणेल. त्याला आधी माझीच एक गोष्ट सांगतो. नोकरीची पहिली वर्षं होती. अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर मी शेतकरी प्रशिक्षण ठेवलं. तक्ते नेले, बियाण्याचे नमुने नेले, हजेरीपत्रक नेलं. तारीख मात्र कचेरीत बसून ठरवली होती. तो नेमका बाजाराचा दिवस निघाला. पाड्यावर तीन म्हातारे आणि लहान पोरं, एवढीच माणसं. त्या तिघांसमोर मी तक्ता उलगडला, तासभर बोललो आणि परत येऊन अहवालात ‘प्रशिक्षण पार पडले’ असं लिहिलं. निघताना त्यातला एक जण म्हणाला, “साहेब, आमच्यासाठी आलात हे चांगलं केलं. पण आम्हाला विचारून आला असता तर अजून चांगलं झालं असतं.”

तेव्हापासून मी तारीख गावाला विचारून ठरवतो. पुढे विषयही गावालाच विचारायला लागलो. माझ्या पदविकेत हे शिकवलेलं नव्हतं, ते त्या पाड्यानं शिकवलं. डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींनाही असा पाडा भेटायला हवा आणि तो शिकत असतानाच भेटायला हवा.

आपल्या जिल्ह्यात काय चाललं आहे?

नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० साली सुरू झालं. वर्षाला शंभर जागा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि त्यात शंभरातले जवळपास एकोणसत्तर आदिवासी. अशा जिल्ह्याला वैद्यकीय महाविद्यालय मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट बऱ्याच सरपंचांच्या कानावर अजून नीट आलेली नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२१-२२ च्या तुकडीपासून देशातल्या सगळ्या वैद्यकीय महाविद्यालयांना ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ लागू केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबं नेमून दिली जातात. त्यानं त्या घरी जायचं, घरातल्यांची तब्येत, पाणी, खाणं, आजार यांची नोंद घ्यायची, आणि हा संबंध पुढच्या वर्षांतही चालू ठेवायचा. शिवाय साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतर वर्षभराची आंतरवासिता असते आणि तिच्यातले सुमारे तीन महिने सामाजिक आरोग्याच्या कामाचे असतात. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्याला त्यानंतर वर्षभराच्या सरकारी सेवेचं बंधपत्रही असतं.

म्हणजे हे विद्यार्थी तुमच्या ओसरीवर येणार आहेत, काही ठिकाणी आलेही असतील. पण ‘दत्तक’ हा शब्द जरा तपासून घ्या. दत्तक घेणारा मोठा आणि दत्तक जाणारा लहान, असा त्याचा अर्थ होतो. अठरा-एकोणीस वर्षांचं लेकरू तुमचं घर दत्तक घेतं म्हणजे काय? खरं तर तुम्हीच त्याला चार-पाच वर्षं सांभाळून शहाणं करायचं आहे.

वरून आलेल्या योजना

डॉक्टरला खेड्याची ओळख व्हावी, हा विचार नवा नाही. १९४६ साली भोर समितीनं ‘सामाजिक वैद्य’ घडवायला हवेत, त्यासाठी विद्यार्थ्यांना तीन महिन्यांचं खास प्रशिक्षण द्यावं, असं सुचवलं होतं. १९७७ साली केंद्र सरकारनं वैद्यकीय शिक्षणाला गावाकडे वळवण्याची योजना आणली. प्रत्येक महाविद्यालयानं तीन विकास गट घ्यायचे आणि फिरत्या दवाखान्याच्या मोठ्या गाड्या घेऊन तिथं जायचं, असं ठरलं. योजना चांगली होती, पण हळूहळू मागं पडली.

आपण शेतीतही हे पाहिलं आहे. गाडी येते, भोंगा वाजतो, पत्रकं वाटली जातात आणि गाडी परत जाते. गावानं मागितलेली नसेल तर ती यायची बंद झाल्यावरही कुणी विचारत नाही. कामाची मालकी गावाकडे असेल तरच ते टिकतं. याची तीन उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रात आहेत.

सेवाग्राम, गडचिरोली, जामखेड

पहिलं सेवाग्रामचं. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तिथं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. ग्रामीण भागातलं हे देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. तिथं नव्या तुकडीचा पहिला पंधरवडा आश्रमात जातो. पुढे ती तुकडी एक गाव घेते आणि त्या गावात शिबिरासाठी मुक्कामाला राहते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही घरं असतात आणि नंतरही तो त्या घरी जात राहतो. सरकारनं २०२१ नंतर सगळीकडे जे लागू केलं, ते सेवाग्रामनं कित्येक वर्षं आधी करून दाखवलं होतं.

शेतकऱ्यानं लक्षात ठेवावी अशी तिथली दुसरी गोष्ट. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकारानं आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची योजना चालली. सुगी झाली की गावकरी ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायचे आणि त्यावर कस्तुरबा रुग्णालयात उपचाराची सोय व्हायची. ज्यानं ज्वारी दिली, तो दवाखान्यात हात जोडून उभा राहत नाही. आपला हिस्सा मोजून दिलेला असल्यामुळे तो हक्कानं विचारतो. आणि हक्कानं विचारणारा रुग्ण समोर असला की शिकणारा डॉक्टरही वेगळा घडतो.

दुसरं गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथं ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी माणूस दवाखान्यात का येत नाही, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठी इमारत, लांब कॉरिडॉर, पांढरे कपडे यांची भीती वाटते, दवाखाना आमच्या गावासारखा असावा, असं लोकांनी सांगितलं. मग झोपड्यांच्या वस्तीसारखी रचना झाली, नातेवाईकांना राहायला जागा झाली आणि नाव ठेवलं लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. पुढे त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळमृत्यू किती घटले, त्याचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, ताप बघते, त्या कामाची वाट गडचिरोलीच्या खेड्यातल्या बायांनी पाडलेली आहे. त्यांनी केलेलं काम डॉक्टर लोक पुस्तकात वाचतात.

तिसरं जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली नगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी भागात गेले. लोकांनी त्यांच्याकडे औषधाआधी पाणी आणि अन्न मागितलं, आणि त्या दोघांनी ते ऐकलं. गावागावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. पुढे देशातून-परदेशातून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना याच बाया शिकवू लागल्या.

बाहेरच्या देशांतही असे प्रयोग झाले. फिलिपाईन्समधल्या लेते बेटावर १९७६ साली सुरू झालेल्या एका आरोग्य विद्यालयात विद्यार्थी गावानं नाव सुचवून पाठवायचा, आणि शिकून त्यानं गावाकडे परत यायचं, असा करार होता. कॅनडाच्या उत्तर भागात २००५ साली नवं वैद्यकीय महाविद्यालय उघडलं. त्याआधी, २००३ मध्ये, अभ्यासक्रमात काय असावं यावर तिथल्या आदिवासी जमातींची वेगळी बैठक घेतली गेली. तिथं पहिल्या वर्षाचा विद्यार्थी चार आठवडे आदिवासी वस्तीत राहतो.

आपल्याकडेही पाया आहे

हे वाचून “ते मोठ्या लोकांचं काम” म्हणून पान उलटू नका. २००७ साली महाराष्ट्रात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, ती पाच जिल्ह्यांत. पुणे, ठाणे, अमरावती, तेव्हाचा उस्मानाबाद आणि आपला नंदुरबार. लोकांनी उपकेंद्राला, प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे दिले. जनसुनवाईत बायाबापड्या उभ्या राहून अधिकाऱ्यांसमोर बोलल्या. जे गाव दवाखान्याला शेरा देऊ शकतं, ते डॉक्टरच्या शिक्षणावरही बोलू शकतं.

शेतीतलंच उदाहरण घ्या. कृषी विज्ञान केंद्राची एक वैज्ञानिक सल्लागार समिती असते. तिच्यात शास्त्रज्ञ आणि अधिकारी असतात, तसे शेतकरीही असतात. कोणती प्रात्यक्षिकं घ्यायची, कोणता प्रश्न आधी धरायचा, यावर तिथं शेतकरी बोलतो. कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात राहतात, शेतकऱ्याबरोबर शेतात उतरतात. बियाणं कितीही चांगलं असलं तरी जमीन बघितल्याशिवाय पेरा ठरवू नये, हे आता कृषी खात्याला पटलं आहे. मग डॉक्टरच्या बाबतीत गावाला का विचारू नये?

गाव डॉक्टरला काय शिकवणार?

“आम्ही अडाणी माणसं, डॉक्टरला काय शिकवणार?” असं पुष्कळ जण म्हणतात. औषधाचं शास्त्र महाविद्यालयच शिकवेल. पण ते औषध तुमच्या पाड्यापर्यंत येताना कुठं अडतं, हे तुम्हीच सांगू शकता. चार गोष्टी बघा.

एक, स्थलांतर. दिवाळी झाली की आपल्याकडची किती कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत नाहीतर इतर जिल्ह्यांत जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. विद्यार्थी जानेवारीत येईल तर दाराला कुलूप दिसेल. तो वहीत ‘कुटुंब उपलब्ध नाही’ असं लिहील आणि जाईल. पण त्याच घरातली गरोदर बाई त्या वेळी फडात असते, तिची तपासणी चुकते, लेकराची लस चुकते. होळीला माणूस कुठंही असला तरी घराकडे धाव घेतो. काठीच्या होळीची गर्दी ज्यानं पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. तपासणीचे दिवस होळीच्या आगेमागे आणि पेरणीच्या आधी धरा, हा सल्ला पुस्तकात मिळणार नाही.

दोन, फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्याकडेही कापूस आहे, मिरची आहे, आणि दोन-तीन औषधं एका पंपात मिसळण्याची सवयही आहे. विषबाधेचा रोगी आला की कोणत्या गटाचं औषध होतं यावर उपचार ठरतो. त्यासाठी रोग्याबरोबर बाटली किंवा डबा न्यायला हवा, आणि त्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण डॉक्टरला ओळखता आला पाहिजे. पाठीवरचा पंप गळतो कसा, मजुराचा सदरा भिजतो कसा, हे विद्यार्थ्यानं एकदा बांधावर उभं राहून बघावं. नंदुरबारच्या मिरची पथारीवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बाईच्या हातांची आग आणि तिचा खोकलाही बघावा.

तीन, सिकलसेल. सातपुड्यातल्या आदिवासी समाजात हा आजार आढळतो. अंगात पाणी कमी पडलं, थंडी लागली, अतिश्रम झाले की सांधे, हाडं भयंकर दुखतात. गावात अशा पोराला कधी आळशी म्हणतात, तर कधी बाहेरचं झालं म्हणून भगताकडे नेतात. विद्यार्थ्याला हे कळलं पाहिजे, आणि तो रोगी आपल्याआधी कुणाकडे व कशासाठी जाऊन आला हे हसल्याशिवाय विचारता आलं पाहिजे. गावानंही ऐकलं पाहिजे. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलचं होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी रक्त तपासणी करून घ्या, हे कुण्या परक्यापेक्षा ओळखीच्या विद्यार्थ्यानं सांगितलं तर ते लवकर पटेल.

चार, वाट आणि बोली. धडगाव-मोलगीकडच्या डोंगरात किती पाड्यांवरून रोग्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. नर्मदाकाठच्या गावांसाठी तर बोटीवरचा दवाखाना चालवावा लागला. “उद्या या” असं डॉक्टर सहज म्हणतो, पण ‘उद्या’ म्हणजे चार माणसांची मजुरी बुडणं असतं. आणि बोलीचं म्हणाल तर शहाद्याच्या बाजारात “काय व्हयनं भाऊ?” विचारलं की भागतं, पण डोंगरात पावरी, भिली आणि नवापूरकडे मावची बोलणाऱ्या आजीला दुखणं तिच्याच बोलीत सांगता येतं. विद्यार्थ्यानं निदान पन्नास शब्द शिकावेत. ते शिकवायला आशाताई, अंगणवाडीताई आणि जुन्या सुईणी आहेत.

ग्रामसभेनं करायची कामं

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आरोग्य समितीच्या सदस्यांनी एवढं करून बघावं.

१. महाविद्यालयाचा सामाजिक आरोग्य विभाग तुमच्या गावात विद्यार्थी पाठवणार असेल तर आधी ग्रामसभेत विषय घ्या. प्राध्यापकांना बोलवा. विद्यार्थी कशासाठी येणार, किती वर्षं येणार, गावाला काय मिळणार, हे सगळ्यांसमोर विचारा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा.

२. गावाचं वर्षाचं वेळापत्रक एका कागदावर काढून द्या. पेरणी, निंदणी, मोहाचा आणि आमचूरचा हंगाम, स्थलांतर, सण, बाजाराचा वार. भेटीच्या तारखा त्यावरून ठरू द्या.

३. पहिल्या दिवशी शिवारफेरी काढतो तशी गावफेरी काढा. डांबरी रस्त्यालगतची चार बरी घरं दाखवून थांबू नका. सगळ्यात लांबचा पाडा, विधवेचं घर, भूमिहीनाचं घर दाखवा. विहीर आणि झराही दाखवा.

४. घरची परवानगी घेतल्याशिवाय रक्त नाही, फोटो नाही. रक्त घेतलं तर निकाल त्या घरी पोहोचला पाहिजे. आणि एका घरचं दुखणं दुसऱ्या घरी सांगायचं नाही. हे विद्यार्थ्यानं पाळायचं, तसं गावानंही पाळायचं.

५. वर्षातून एकदा आरोग्य समितीनं विद्यार्थ्यांसमोर बसून सांगावं, काय चांगलं झालं आणि काय राहिलं. कोण वेळेवर आला, कुणी ऐकून घेतलं, कुणी नुसती वही भरली. हे लेखी महाविद्यालयाला पाठवा. गावाच्या दोन प्रतिनिधींना, त्यात एक बाई, महाविद्यालयाच्या बैठकीत बसवावं, अशी मागणी ठरावानं करा. आपला बराचसा भाग पेसा क्षेत्रात आहे. ग्रामसभेच्या ठरावाला इथं वजन आहे, ते वापरा.

६. आपल्या शाळेतली हुशार पोरंपोरी हेरा. विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या आदिवासी मुलीला येणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलायला बसवा. अभ्यास कसा केला, परीक्षा कशी असते, ते तिला विचारू द्या.

आपलीही बाजू तपासा

एक कटू गोष्ट सांगतो, राग मानू नका. विद्यार्थी आला की आपण फुकट गोळ्या मागतो, सलाईन लावा म्हणतो, आणि ते मिळालं नाही की “हे कसले डॉक्टर” म्हणतो. तो अजून शिकतो आहे, त्याच्याकडे औषधाची पेटी नसेल. त्याला खाट द्या, पाणी द्या आणि खरं बोला. दारू किती, तंबाखू किती, पोरीचं लग्न कोणत्या वयात लावलं, हे त्यानं विचारलं तर लपवू नका. खोट्या माहितीवर शिकलेला डॉक्टर पुढे खोटंच निदान करेल, आणि ते आपल्याच माणसाच्या वाट्याला येईल.

१९७८ साली आल्मा-आता इथं जगातली राष्ट्रं आरोग्याच्या प्रश्नावर एकत्र आली होती. आपल्या आरोग्यसेवेचं नियोजन करण्यात आणि ती चालवण्यात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असं तिथं ठरलं. हक्क आपल्याला चटकन आठवतो, कर्तव्यासाठी मात्र ग्रामसभेला हजर राहावं लागतं.

आज पहिल्या वर्षात असलेला विद्यार्थी पाच-सहा वर्षांनी कुठल्यातरी प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटा असेल. झोळीतून अडलेली बाई येईल. ती किती लांबून आली, रस्त्यात किती वेळ गेला, पुढं पाठवायचं तर गाडी कुठपर्यंत येते, हे त्याला त्या वेळी कुणी सांगणार नाही. ते त्याला आधीच माहीत असलं पाहिजे. पहिल्या वर्षी तुमच्या ओसरीवर बसून ते त्यानं ऐकलेलं असेल, तरच ते त्या रात्री उपयोगी पडेल.

तेव्हा येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा. आणि विद्यार्थी दारात आला की त्यानं वही उघडायच्या आत त्याला विचारा, “बाळा, आमच्या पाड्यावर मुक्कामाला कधी येतोस?”